हैदर अलीच्या नावाचं जहाज : अमेरिकन क्रांतियुद्धातली खासगी लढाऊ जहाजं आणि डेलावेअर खाडीतली एक लढाई

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकन क्रांतियुद्धाची जमिनीवरची बाजू पाहिली, यॉर्कटाउनपर्यंत आलो. आज समुद्रावर जायचं आहे. आणि समुद्रावर जायचं म्हणजे जॉन पॉल जोन्सची गोष्ट सांगायची, असा एक रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. मी निवडलेलं जहाज लहान आहे, त्याची प्रत्यक्ष लढाई अर्ध्या तासात आटोपली, आणि अमेरिकेतसुद्धा ते फारसं कुणाला आठवत नाही. पण त्याचं नाव ऐकलंत की तुम्ही कान टवकाराल. त्या जहाजाचं नाव होतं ‘हैदर अ‍ॅली’. म्हणजे आपला म्हैसूरचा हैदर अली. फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याचं जहाज, पेनसिल्व्हेनियाचे खलाशी, शत्रू इंग्रज, आणि जहाजाला नाव हैदरचं!

हे नाव तिथे कसं पोचलं, ते सांगतोच. पण आधी एक प्रश्न सोडवायला हवा. खासगी माणसाचं जहाज युद्धात उतरतं, शत्रूचा माल लुटतं, विकतं, पैसे वाटून घेतं. मग ते आणि चाचे यांच्यात फरक काय?

सनद आणि चाचेगिरी

फरक एका कागदाचा. त्या कागदाला ‘लेटर ऑफ मार्क’ म्हणत. आपल्या भाषेत सनद म्हणा. ज्याच्याकडे ही सनद आहे ते जहाज म्हणजे प्रायव्हटीअर. ज्याच्याकडे नाही तो चाचा, आणि चाच्याला फाशी.

अमेरिकन काँग्रेसनं मार्च 1776 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी, अशा सनदा द्यायचं ठरवलं. एप्रिलमध्ये नियम केले. हे नियम बघण्यासारखे आहेत. मालकानं जामीन द्यायचा. जहाज 100 टनांपर्यंतचं असेल तर 5,000 डॉलर, त्याहून मोठं असेल तर 10,000. पकडलेलं जहाज परस्पर विकायचं नाही. ते बंदरात आणायचं, तिथल्या नौकान्यायालयासमोर उभं करायचं, आणि न्यायालयानं ‘ही कायदेशीर लूट आहे’ असा निवाडा दिला की मगच विक्री. पकडलेल्या माणसांना थंड डोक्यानं मारायचं नाही, छळायचं नाही. नियम मोडलात तर सनद गेली आणि जामीनही गेला.

म्हणजे ही लूट होती, पण हिशेबातली लूट. सर्वसाधारण पद्धत अशी की विक्रीचा अर्धा हिस्सा मालकांचा आणि अर्धा खलाशांचा. खलाशांच्या अर्ध्यात कप्तानाला जास्त भाग, पोऱ्याला अगदी थोडा. हिस्सा लढाईआधीच कागदावर ठरायचा. काही खलाशी तर निघण्याआधीच आपला होणारा हिस्सा विकून टाकत. उधारी फेडायची असायची ना!

काँग्रेसनं युद्धाच्या काळात अशा सुमारे 1,700 सनदा दिल्या. राज्यांनी दिलेल्या वेगळ्या. याच्यासमोर काँग्रेसचं स्वतःचं नौदल ठेवून पाहा. तेरा फ्रिगेट बांधायचा हुकूम झाला, त्यातली बरीचशी युद्ध संपेपर्यंत पकडली गेली, बुडवली गेली किंवा अमेरिकनांनीच शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळली. 1782 साली काँग्रेसकडची लढाऊ जहाजं हाताच्या बोटांवर मोजता येत होती. समुद्रावरचं युद्ध व्यापाऱ्यांनी चालवलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

याला दुसरी बाजू आहे. माणसं नौदलात भरतीच होईनात. नौदलात पगार तुटपुंजा, शिस्त कडक, आणि लुटीतला वाटा कमी. खासगी जहाजावर मुदत छोटी आणि नशीब फळलं तर एका फेरीत घर उभं राहील. त्यामुळे खासगी जहाजांनी क्रांती तगवली हे खरं, आणि त्यांनीच सरकारी नौदलाची माणसं पळवली हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी लक्षात ठेवा.

आता इंग्रजांचं म्हणणं काय होतं? तुमच्या काँग्रेसलाच आम्ही मानत नाही, तर तिची सनद कुठली मानणार? 1777 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा केला. त्यानुसार राजद्रोह किंवा समुद्रावरची चाचेगिरी या आरोपाखाली अमेरिकनांना खटला न चालवता डांबून ठेवता येऊ लागलं. म्हणजे युद्धकैद्याचा दर्जा नाही, अदलाबदलीचा हक्क नाही.

हा वाद आपल्याला नवा नाही. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आयुष्यभर ‘चाचा’ म्हटलं. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, त्यांच्या नेमणुकीनं कोकणपट्टीचा दर्या सांभाळणारे, दस्तक नसलेलं जहाज अडवणारे. आणि गंमत बघा, 1756 साली विजयदुर्गावर चालून जाण्याआधी मुंबईत बसून लुटीचे हिस्से कुणी ठरवले होते? इंग्रज अधिकाऱ्यांनी! क्लाइव्हचा हिस्सा किती, यावरून तेव्हा वादही झाला. तेव्हा चाचा कोण हे सनदेवर ठरतं, आणि सनद खरी की खोटी हे अखेर कोण जिंकतो त्यावर.

तुरुंग

हिस्सेवाटणीची गोष्ट ऐकली की हा धंदा सोपा वाटतो. म्हणून पकडल्या गेलेल्यांचं काय व्हायचं, तेही सांगायला हवं.

न्यूयॉर्क इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथे ब्रुकलिनच्या कडेला वॉलाबाउट नावाची उथळ खाडी आहे. त्या खाडीत जुनी, डोलकाठ्या काढलेली जहाजं नांगरून ठेवली होती. त्यात कैदी कोंबले जात. सगळ्यात कुप्रसिद्ध जहाज म्हणजे ‘जर्सी’. देवी, आमांश, टायफस आणि उपासमार. रोज सकाळी मेलेल्यांना किनाऱ्यावर नेऊन वाळूत पुरायचं. या तरंगत्या तुरुंगांमध्ये मेलेल्यांचा आकडा साधारणपणे 11,500 सांगितला जातो. अंदाजच आहे तो, पण लढाईत मेलेल्या अमेरिकन सैनिकांपेक्षा जास्त माणसं या जहाजांवर मेली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि त्यातले फार मोठ्या संख्येनं खासगी जहाजांवरचे खलाशी होते. सैन्यातल्या माणसाच्या बदल्यात माणूस देता येत असे. यांच्या बदल्यात द्यायला अमेरिकनांकडे पुरेसे इंग्रज खलाशी नव्हते.

क्रांतीचा कवी फिलिप फ्रेनो हा 1780 मध्ये ‘ऑरोरा’ या जहाजावर पकडला गेला आणि अशाच तरंगत्या तुरुंगात राहिला. सुटल्यावर त्यानं त्यावर दीर्घ कविता लिहिली. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमध्ये नेलेले कैदी प्लिमथच्या ‘मिल’ तुरुंगात जात. या तुरुंगातून आजच्या गोष्टीतले दोन कप्तान गेले. एक सायलस टॅल्बट, दुसरा जोशुआ बार्नी.

एक जहाज, दोन नावं

‘हैदर अ‍ॅली’कडे येण्याआधी तिच्या शत्रूची ओळख करून घेऊ, कारण तो शत्रू मुळात अमेरिकनच होता.

ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा जॉन ब्राउन हा मोठा व्यापारी. क्रांतीचा खंदा समर्थक, आणि त्याच वेळी आफ्रिकन गुलामांच्या व्यापारात पैसे घातलेला माणूस. स्वातंत्र्याची भाषा आणि गुलामांचा व्यापार एकाच वखारीत नांदत होते. त्यानं 1779 मध्ये एक वेगवान लढाऊ जहाज बांधलं आणि नाव दिलं ‘जनरल वॉशिंग्टन’. 1780 मध्ये ते टॅल्बटच्या हाताखाली मोहिमेवर निघालं आणि ब्रिटिश ताफ्यानं पकडलं. टॅल्बट आधी ‘जर्सी’वर आणि मग प्लिमथला गेला.

इंग्रजांना जहाज आवडलं. त्यांनी ते आपल्या नौदलात घेतलं आणि नाव बदललं : ‘जनरल मंक’. हा मंक कोण? 1660 साली इंग्लंडमध्ये राजेशाही परत आणणारा सेनापती. म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या वॉशिंग्टनचं नाव पुसून राजाला गादीवर बसवणाऱ्याचं नाव लावलं. नावं उगाच ठेवत नसत. जहाजाचं नाव हे त्या काळी एक छोटं जाहीर भाषणच असायचं.

फिलाडेल्फियाची अडचण

आता 1782 चा वसंत. ऑक्टोबर 1781 मध्ये कॉर्नवॉलिसनं यॉर्कटाउनला शरणागती पत्करली होती. जमिनीवरचं युद्ध जवळपास संपलं. पण न्यूयॉर्क अजून इंग्रजांकडे, आणि समुद्र तर पूर्णच त्यांचा. फिलाडेल्फिया हे अमेरिकेचं मोठं बंदर, पण ते समुद्रावर नाही. डेलावेअर नदीतून खाली यायचं, रुंद खाडीत उतरायचं, आणि एका बाजूला केप मे, दुसऱ्या बाजूला केप हेन्लोपेन, या दोन टोकांमधून बाहेर पडायचं. या दाराशी ब्रिटिश फ्रिगेटी उभ्या. शिवाय राजाशी निष्ठा ठेवणाऱ्या अमेरिकनांच्या सशस्त्र होड्या खाडीच्या काठाच्या ओढ्यांत दबा धरून बसलेल्या. गव्हाच्या पिठाचं जहाज निघालं की पकडलं गेलंच म्हणून समजा.

व्यापाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्याकडे धाव घेतली. राज्याकडे तयार जहाज नव्हतं. तेव्हा त्यांनी व्यापारी सनदेवर निघायला सज्ज होत असलेलं एक जहाज हाताशी धरलं. तेच हे ‘हैदर अ‍ॅली’. तोफा चढवल्या : नऊ पौंडी गोळ्याच्या 4 आणि सहा पौंडीच्या 12, एकूण 16. माणसं सुमारे 110. यातले बरेच जण खलाशी नव्हतेच. आतल्या मुलखातले, रायफल चालवण्यात पटाईत असे लोक होते. कप्तान नेमला जोशुआ बार्नी. वय 22.

वयावर जाऊ नका. बाराव्या-तेराव्या वर्षी समुद्रावर गेलेला हा पोरगा. पुढे कप्तान वाटेत वारला म्हणून सोळाव्या वर्षाच्या आत त्यानं एक व्यापारी जहाज सांभाळलं होतं. युद्धात अनेकदा पकडला गेला. शेवटचा प्लिमथच्या मिल तुरुंगातून 1781 मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या वेषात पळाला आणि वळसे घेत घरी पोचला. त्याला येऊन काही आठवडे झाले होते.

आणि कायद्याची गंमत सांगतो. खाडीच्या रक्षणासाठी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं कायदा संमत केला तो 9 एप्रिल 1782 रोजी. लढाई झाली 8 एप्रिलला! कागद येईपर्यंत व्यापारी थांबले नाहीत.

8 एप्रिल 1782

बार्नीला काम साधं दिलं होतं : व्यापारी जहाजांचा तांडा खाडीच्या तोंडापर्यंत पोचवायचा आणि परत यायचं. तांडा केप मेपाशी वाऱ्याची वाट बघत नांगरून होता. तिथे तीन शत्रू दिसले : ‘क्वीबेक’ ही मोठी फ्रिगेट, ‘जनरल मंक’, आणि ‘फेअर अमेरिकन’ नावाचं राजनिष्ठांचं खासगी लढाऊ जहाज.

बार्नीनं तांड्याला खाडीत मागे फिरायला सांगितलं आणि स्वतः मध्ये राहिला. फ्रिगेट खोल पाण्याची, ती वाळूच्या दांड्यांमुळे जवळ येऊ शकली नाही आणि दुसऱ्या मार्गानं वर यायच्या प्रयत्नाला लागली. ‘फेअर अमेरिकन’ बार्नीच्या बाजूनं तोफा डागत पुढे गेलं. बार्नीनं उत्तरच दिलं नाही. ते व्यापारी जहाजांच्या मागे लागलं आणि उथळ पाण्यात रुतून बसलं. उरला ‘जनरल मंक’, कप्तान जोसायस रॉजर्स. बार्नीच्या अहवालाप्रमाणे त्याच्यावर नऊ पौंडीच्या 20 तोफा आणि 136 माणसं. गोळ्याच्या वजनात ‘हैदर अ‍ॅली’ त्याच्यापुढे बरंच हलकं.

पुढची गोष्ट बार्नीच्या सुनेनं 1832 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात येते, आणि प्रत्येक नौदल-इतिहासात तिथूनच गेली आहे. बार्नीनं सुकाणूवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं : माझा पुढचा हुकूम मी ओरडून देईन, तू बरोबर त्याच्या उलट कर. जहाजं जवळ आल्यावर त्यानं शत्रूला ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम दिला. रॉजर्सनं तो ऐकला आणि त्याप्रमाणे आपलं जहाज वळवलं. ‘हैदर अ‍ॅली’ उलट्या बाजूला वळलं. परिणाम असा की ‘मंक’च्या नाळेवरचा पुढे आलेला दांडा ‘हैदर अ‍ॅली’च्या दोरखंडात अडकला. बार्नीच्या माणसांनी तो तिथेच बांधून टाकला.

याचा अर्थ समजून घ्या. त्या काळच्या जहाजाच्या तोफा असायच्या दोन्ही कुशींना. नाळेकडे जवळपास नाहीत. ‘मंक’ची नाळ अडकली म्हणजे त्याच्या तोफा रिकाम्या पाण्याकडे तोंड करून उभ्या, आणि ‘हैदर अ‍ॅली’च्या एका कुशीच्या सगळ्या तोफा त्याच्यावर रोखलेल्या. गोळा नाळेतून शिरला की लांबीभर सगळ्या डेकवरून जाणार. वर रायफलवाले अधिकाऱ्यांना टिपत होते. ‘मंक’च्या आखूड तोफा बार काढताना उलटत होत्या, असं ब्रिटिश बाजूचं सांगणं आहे. अर्ध्या तासाच्या आत रॉजर्सनं निशाण उतरवलं. तो स्वतः जखमी होता. ‘मंक’वर 20 ठार आणि तीसपेक्षा जास्त जखमी. ‘हैदर अ‍ॅली’वर 4 ठार, 11 जखमी.

तिकडे फ्रिगेट वर येत होतीच. बार्नीनं थांबून विजय साजरा केला नाही. पकडलेल्या जहाजावर आपली माणसं चढवली आणि दोन्ही जहाजं घेऊन नदीनं वर निघाला. फिलाडेल्फियात त्याचं स्वागत झालं, राज्यानं सोन्याच्या मुठीची तलवार दिली, आणि आपल्या फ्रेनोनं या विजयावर कविता लिहिल्या. त्यातल्या एकीत जहाजाला पूर्वेकडच्या राजाचं नाव असल्याचा अभिमानानं उल्लेख आहे.

हैदरच का?

आता नावाकडे येऊ. सप्टेंबर 1780 मध्ये पोल्लिलूरला हैदर आणि टिपूनं कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. ही बातमी लंडनच्या वर्तमानपत्रांतून अटलांटिकपार गेली. फिलाडेल्फियाच्या माणसाला म्हैसूर नकाशावर दाखवता आलं असतं की नाही, ते सोडा. त्याला एवढं कळलं की जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी त्याच शत्रूला झोडपतंय. 1778 मध्ये फ्रान्स युद्धात उतरला आणि हे युद्ध जगभर पसरलं. इंग्रजांनी 1779 मध्ये फ्रेंचांचं माहे घेतलं, आणि हैदर इंग्रजांवर उलटण्याचं ते एक मोठं कारण.

आणि हैदर एकटा नव्हता. 1779 च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांना शरण आणलं होतं. 1780 मध्ये पुणे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध युती झाली; त्यामागे नाना फडणवीस होते. म्हणजे फिलाडेल्फियाचा व्यापारी ज्याचं नाव जहाजाला लावत होता, तो तेव्हा पुण्याचा दोस्त होता.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. डेलावेअरची लढाई 8 एप्रिल 1782. साल्बाईचा तह 17 मे 1782. एकोणचाळीस दिवसांचं अंतर. साल्बाईत मराठ्यांनी इंग्रजांशी वेगळा समेट केला, आणि हैदरनं कर्नाटकातला जिंकलेला मुलूख परत करावा असं कलमही त्यात आलं. 7 डिसेंबर 1782 ला हैदर वारला. तहाच्या प्रतींची शेवटची देवाणघेवाण झाली फेब्रुवारी 1783 मध्ये. अमेरिकेत इंग्रज हरले, पण ज्या युद्धात ते हरले त्याच युद्धाच्या हिंदुस्थानी आघाडीवर त्यांना सावरायला सवड मिळाली. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून इकडे आला, आणि 1792 मध्ये त्यानं टिपूला नमवलं तेव्हा मराठे कॉर्नवॉलिसच्या बाजूनं लढत होते.

शेवटचा प्रवास

‘जनरल मंक’चं नाव पुन्हा ‘जनरल वॉशिंग्टन’ झालं. काँग्रेसचा अर्थखात्याचा प्रमुख रॉबर्ट मॉरिस यानं ते सरकारी कामाला घेतलं आणि बार्नीलाच कप्तान केलं. लुटीसाठी बांधलेलं जहाज आता टपाल आणि पैसा वाहू लागलं. 1782 च्या अखेरीस ते फ्रँकलिनसाठी कागदपत्रं घेऊन फ्रान्सला गेलं. 12 मार्च 1783 ला ते फिलाडेल्फियाला परतलं तेव्हा त्यावर फ्रेंच कर्जाची रोकड होती, आणि ब्रिटन व अमेरिका यांच्यातल्या प्राथमिक तहाची प्रत होती. वाटेत कुठल्याही इंग्रज जहाजानं अडवू नये म्हणून बार्नीच्या खिशात ब्रिटिश राजाच्या नावाचा परवाना होता.

ज्या माणसाला इंग्रजांच्या कायद्यानं चाचा आणि राजद्रोही म्हणून डांबलं, त्यालाच दोन वर्षांच्या आत इंग्रज राजाचा परवाना! माणूस तोच. धंदाही फारसा बदलला नव्हता. बदलला तो कागद.

तहाची बातमी हिंदुस्थानात पोचायला जून 1783 चा शेवट उजाडला. तोवर कडलूरला इंग्रज आणि फ्रेंच लढतच होते, आणि टिपूची लढाई तर 1784 च्या मंगळूरच्या तहापर्यंत चालली. वॉलाबाउटच्या वाळूत पुरलेल्यांची हाडं मात्र पुढची कितीतरी वर्षं भरती-ओहोटीनं उघडी पडत राहिली. त्यांचं मोठं स्मारक ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन बागेत उभं राहिलं ते 1908 साली. त्या खलाशांपैकी बहुतेकांना लुटीतला हिस्सा कधी मिळाला नाही. क्रांतीचा हिशेब मांडताना व्यापाऱ्यांचा नफा आणि बार्नीची तलवार जमेच्या बाजूला मांडतात. ही माणसं खर्चाच्या बाजूला लिहायची राहून जातात. ती लिहिल्याशिवाय हिशेब जुळत नाही, एवढं सांगून थांबतो.